जबाब शेजारच्या आजीचा

मित्रमैत्रिणींनो, मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेला लाँग मार्च तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. काहींचे आईवडील त्यात चालले असतील. सुमारे १८० किलोमीटरची वाट, आणि चालणाऱ्यांत मोठा भाग आदिवासी बायामाणसांचा. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकायला नको म्हणून शेवटची रात्रही त्यांनी विसावा घेतला नाही, रात्रीतच आझाद मैदान गाठलं. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी देशभर फोटो फिरले ते फोड आलेल्या, सोललेल्या तळपायांचे.

लोकांना वाटलेली ती कळकळ खरी होती, मी तिला कमी लेखत नाही. पण त्या बाया कसत असलेली वनजमीन नावावर करून मागायला आल्या होत्या. ती मागणी किती जणांच्या लक्षात राहिली? आपल्या आदिवासी माणसांची कहाणी ऐकून लोक हळहळतात आणि घरी जातात, हे आपण फार वर्षं पाहिलंय. हीच कहाणी हक्काच्या कामाला कशी लावायची, एवढंच आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

कसत असलेल्या वनजमिनीवर हक्काचा दावा ज्यानं करता येतो तो वनहक्क कायदा २००६चा. त्याचे नियम २००८मध्ये आले. त्यातला नियम १३ प्रत्येकानं स्वतः वाचा, कुणी समजावून सांगेल म्हणून थांबू नका. दाव्यासाठी कोणते पुरावे चालतात त्याची यादी तिथे आहे. गॅझेटिअर, नकाशे, रेशनकार्ड तर आहेतच. पण घर, बांध, जुनी विहीर, दफनाची जागा, देवाचं ठिकाण हेही पुरावे आहेत. वंशावळ पुरावा आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, तोही पुरावा आहे. ज्या सरकारी दफ्तरानं आपल्या आज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘अतिक्रमणदार’ म्हणून लिहिलं, त्याच दफ्तरात त्याच्या बोलण्याला कायद्यानं जागा दिली. ही जागा मागून मिळालेली नाही, लोकांनी लढून मिळवलेली आहे.

आणि त्या जागेचं आपण काय केलं? मी पाहिलेल्या कित्येक फायलींत वडीलधाऱ्यांचा जबाब एकाच साच्यातला असतो. ‘सदर अर्जदार हे सदर जमीन पूर्वापार कसत असून वरील माहिती खरी आहे.’ खाली अंगठा. पुढच्या फायलीत तीच ओळ, फक्त नाव वेगळं. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार?

तीच म्हातारी ओट्यावर बसून बोलायला लागली की काय सांगते ते आठवा. ‘बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो. शेजारणीच्या सासऱ्यानं खालचा बांध त्याच साली घातला. बांधावरचा आंबा लावला तेव्हा तिचा थोरला पाळण्यात होता. गार्डानं एकदा उभ्या नागलीत गुरं घातली, तेव्हा आम्ही सगळ्या बाया धावत गेलो.’ हे बोलणं नीट ऐका. कायद्यानं ठरवलेली तारीख १३ डिसेंबर २००५. त्याआधीपासून जमीन कसत होतो हे दाखवायचं, आणि म्हातारी त्याच्या तेहतीस वर्षं आधीचं सांगतेय. बांध आजही जागेवर आहे, त्याचा फोटो काढता येतो. थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढा, आंब्याचं वय कळलं. एका आठवणीतून तीन पुरावे उभे राहतात, आणि नियम एकापेक्षा जास्त पुरावे मागतो.

हे लिहून घ्यायला बाहेरचा कार्यकर्ता लागत नाही. त्याला तुमची बोली येत नाही, म्हातारी त्याच्याशी जपून बोलते. तुमच्याशी ती रागावून बोलेल, रडेल, मध्येच गाणं म्हणेल. फक्त हे ध्यानात ठेवा, की दावा तुमच्या घरचा असेल तर जबाब शेजारच्या आजीचा हवा. म्हणून एकमेकांच्या घरी जा. तुझ्या आजीचं मी लिहिते, माझ्या आजीचं तू लिही.

कॅनडातलं एक उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. ब्रिटिश कोलंबियातल्या गिटक्सान आणि वेटसुवेटेन लोकांनी आपल्या भूमीचा खटला लढवला तेव्हा एका वृद्ध बाईनं घराण्याचं गाणं न्यायालयात म्हणून दाखवलं. न्यायाधीशांना त्याचं मोल कळलं नाही, १९९१मध्ये निकाल विरुद्ध गेला. लोक हटले नाहीत. १९९७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, तोंडी इतिहासाला लिखित कागदाच्या बरोबरीनं तोललं पाहिजे.

गावानं मिळून जंगलावर करायच्या सामूहिक दाव्यात तर बायांच्या आठवणींशिवाय पान हलत नाही. कंद कुठे उकरायचे, पावसाळी भाजी कोणत्या उतारावर आधी येते, उन्हाळ्यात कोणत्या झऱ्याला पाणी राहतं, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्याबरोबर चाला, मोबाईलवर जीपीएसनं वाट नोंदवा, गावाची हद्द कागदावर येईल. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला, असं कुणी सांगितलं तर या नियमांतली २०१२ची दुरुस्ती दाखवा. ते चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरायचं, त्यांच्या जागी नाही.

तुमची स्वतःची गोष्टही सांगा. वसतिगृहात राहून शिकलात, तेव्हा घरून आलेले पैसे मोहाचे होते की वरईचे? सुट्टीत गावी जाऊन कोणत्या तुकड्यावर आवणी केली? हे ग्रामसभेत उभं राहून बोला, तिच्या ठरावात लिहायला लावा.

मात्र सगळंच सगळ्यांसाठी नसतं. कोणत्या दुखण्याला कोणती मुळी, कोणत्या रात्री देवाला काय म्हणायचं, हे व्हिडिओ करून पसरवण्याआधी गावाला विचारा. म्हातारी रडली तेवढाच तुकडा कापून टाकू नका. तिनं जमिनीबद्दल सांगितलेलं गाळून फक्त रडणं दाखवलं, तर तळपायांच्या फोटोचं झालं तेच होईल.

जबाब लिहून झाला की तिला मोठ्यानं वाचून दाखवा. ती ‘असं नाही’ म्हणाली तर खोडा आणि पुन्हा लिहा. मगच सही किंवा अंगठा. दावा दिल्याची पोच घ्या, प्रत घरी ठेवा. आधीच फेटाळलेला दावा असेल तर कारण लेखी मागा, ते देणं बंधनकारक आहे. दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीच्या निर्णयावर साठ दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं, आणि आपल्या अनुसूचित क्षेत्रात २०२०पासून त्याच्याही वर विभागीय समिती आहे. येत्या ग्रामसभेआधी आपापल्या पाड्यावर सत्तरी ओलांडलेली किती माणसं आहेत त्याची यादी करा, आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा.