रूम हो, रूम नाही

नमस्कार मंडळी. दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आणि आता घरोघरी एकच विषय चाललाय, अकरावीला कुठे टाकायचं. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं त्यामुळे दर जूनला माझा फोन वाजतोच, बाई कुठलं कॉलेज चांगलं, बाई सायन्स झेपेल का. आज त्यावरच बोलायचंय, पण जरा वेगळ्या बाजूने. आज मला मुलांच्या रूमबद्दल बोलायचंय. कॉलेजचा आणि रूमचा काय संबंध? आहे, फार जवळचा आहे, सांगते.

आधी फॉर्मचं दोन वाक्यांत. ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता होता, २०२५ पासून तो सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला. फॉर्मच्या दुसऱ्या भागात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त १० कॉलेजं पसंतीक्रमाने भरायची. आणि हे नीट ऐका, एक नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. परत सांगते, एक नंबरचं लागलं की घ्यावंच लागतं. त्यामुळे "टाकून तर ठेवू, बघू नंतर" हे एक नंबरला चालत नाही. आयटीआय आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात आज शिरत नाही.

तर मुलीची गोष्ट. डोंबिवलीतली, आमच्या शाळेतलीच, नाव नाही घेत. तीन-चार वर्षं झाली असतील. तिच्या बाबांचा फोन आला, बाई जरा घरी या, फॉर्म भरायचाय आणि ही काही बोलतच नाही. चौथा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके. घरात पाच माणसं. बेडरूममध्ये एक दिवाण, गोदरेजचं कपाट, आईचं शिलाई मशीन, आजीच्या औषधांचा डबा, धाकट्या भावाची बॅट, आणि खिडकीपाशी मशीनला टेकवून ठेवलेलं एक फोल्डिंगचं टेबल, जे अर्धंच उघडायचं कारण पूर्ण उघडलं तर कपाटाचं दार अडायचं. रात्री आजी आणि ती दिवाणावर, भाऊ खाली गादीवर, आईबाबा हॉलमध्ये.

बाबांनी यादी तयार ठेवली होती. एक नंबरला मुंबईतलं नावाजलेलं कॉलेज. "बाई, नाव आहे हो त्या कॉलेजचं, आणि तिचे मार्क बसतायत." बसत होते, खरंच बसत होते. मी तिला विचारलं, तुझं काय गं? ती उठली आणि गोदरेजच्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला, टांगलेल्या ड्रेसच्या मागे, लाँगबुकचा एक कागद सेलोटेपने चिकटवलेला. त्याच्यावर पट्टीने आखलेले रकाने. कॉलेजचं नाव, गेल्या वर्षीचा कटऑफ, किती वाजता सुटतं, घरी किती वाजता पोचणार, आणि शेवटचा रकाना, त्याच्यावर लिहिलेलं "रूम". त्या रकान्यात प्रत्येक कॉलेजपुढे एकच शब्द, हो नाहीतर नाही. बाबांच्या कॉलेजपुढे लिहिलं होतं, घरी ४:१०, रूम नाही. कल्याणच्या एका कॉलेजपुढे, घरी १:१५, रूम हो.

मला कळेना. म्हटलं रूम म्हणजे काय गं, हॉस्टेल? तर ती म्हणाली, "नाही बाई, आपली हीच रूम. दीड ते साडेचार ही रिकामी असते. आई ऑफिसला, सोनू शाळेत, आजी हॉलमध्ये पडते. तेवढीच माझी रूम."

दीड ते साडेचार. तीन तास. त्या पोरीने दहावीचं वर्षभर बघून ठेवलं होतं की घरात कोण किती वाजता कुठे असतं, आणि त्याच्यावर कॉलेज निवडलं होतं. कुठल्या करिअर गाइडन्सच्या पुस्तकात हा रकाना नाही. मी इतकी वर्षं मुलांना सल्ले दिले, पण रोज दुपारी घरी गेल्यावर तुला बसायला जागा कुठे आहे, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या कागदावर दिसला.

बाबा कपाटापुढे उभे राहून सगळा कागद वाचत होते, खालपर्यंत. ते स्वतः वर्षानुवर्षं लोकलने मुंबईला जातात, डोंबिवलीला सकाळी गाडीत पाय ठेवणं म्हणजे काय ते त्यांना वेगळं सांगायला नको. त्यांनी विचारलं, "आणि साडेचारनंतर?" ती म्हणाली, "मग सोनू येतो, टीव्ही लागतो." बस, एवढंच. बाबांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या यादीवर आकडे बदलले. कल्याणचं वर आलं, ठाण्याचं दोन नंबरला, त्यांचं ते मुंबईचं पार सातवर गेलं.

आता मधेच एक सांगते, राहवत नाही म्हणून. ते इंटिग्रेटेड नावाचं जे निघालंय ना, नाव एका कॉलेजात आणि पोरगं दिवसभर क्लासमध्ये, ते मला अजिबात पटत नाही. बारावीला बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आहे ती काय शोभेला? लॅबमध्ये ब्युरेट, म्हणजे थेंब-थेंब सोडायची ती काचेची नळी, हातात न धरता केमिस्ट्री येत नाही, स्वतःच्या हाताने एंडपॉइंट, म्हणजे रंग बदलतो तिथे नेमकं थांबायचं ते, हुकला पाहिजे, एक थेंब जास्त पडून सगळं गडद गुलाबी झालं पाहिजे, मग कळतं. आणि अजून एक, सोळा वर्षांच्या मुलाला वेगळी रूम असो वा नसो, त्याच्या कपाटाला, त्याच्या कोपऱ्याला हात लावायच्या आधी विचारा. पडदा असला तरी बाहेरून हाक मारून आत जा. त्या कागदाला कपाटाच्या आत लपावं लागलं, हे मला अजून लागतं.

असो. पहिल्याच फेरीत तिला दोन नंबरचं, ठाण्याचं लागलं. दोन नंबरचं होतं त्यामुळे थांबून बघता आलं असतं, पण तिने रकाना बघितला, घरी १:४०, रूम हो, आणि लगेच प्रवेश घेतला.

दिवाळीत मी फराळाला गेले त्यांच्याकडे. शिलाई मशीन हॉलमध्ये आलं होतं, टीव्हीच्या बाजूला, आणि आतलं टेबल पूर्ण उघडलेलं, त्याच्यावर जर्नल, कंपासपेटी, पाण्याची बाटली. कपाटाचं दार तिनेच उघडून दाखवलं. तोच कागद तसाच होता, आणि खाली बाबांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती. रात्री ९ ते ११, रूम हो.