ओल गेल्याशिवाय आवा लावू नये

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शाळेत शिकवते आणि गेली अकरा वर्षं संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी मडकी घडवते. नोकरी सांभाळून हे जमतं कसं, असं पुष्कळ जण विचारतात. कुंभारकामात हाताचं काम थोडं आणि वाट बघणं फार. माती भिजायची वाट, मुरायची वाट, भांडं वाळायची वाट, आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी निवायची वाट. म्हणून तर नोकरदार माणसाला ते पेलतं. मात्र किती वाट बघायची ते ओल ठरवते, आपली रजा ठरवत नाही. आज मला बोलायचंय ते याच ओलीबद्दल.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरवरून पुढे जाते. त्या भागातल्या मातीवर कौलांचे कारखाने उभे राहिले, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. माती दाराशी, शिकवणारे दाराशी. याहून मोठं भांडवल ते काय!

पहिल्याच वर्षी मी घटस्थापनेसाठी चाळीस घटांची ऑर्डर घेतली. भाद्रपदात घट घडवले, पडवीत वाळत ठेवले. वरून पांढरट दिसायला लागले तेव्हा वाटलं, झालं. गावातल्या कुंभारमामांच्या आव्यात जागा मागितली. मामांनी एक घट उचलून गालाला लावला. म्हणाले, "बाई, थंड लागतंय. ओल हाय अजून आत. आठ दिवस ऱ्हाऊ दे." मला सोमवारी शाळा होती, पुढचा रविवार परवडणार नव्हता. मी हट्ट धरला. आवा पेटला आणि तासाभरात आतून फट् फट् आवाज यायला लागले. चाळीसातले सतरा घट शाबूत निघाले. त्याहून वाईट म्हणजे माझ्या घटांच्या कपऱ्या उडून मामांची स्वतःची मडकीही फुटली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं.

कारण साधं आहे. बुडाशी माती जाड असते, तिथली ओल शेवटी जाते. आच लागली की त्या पाण्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की ती भांडं फोडून निघते. भांडं गालाला गार लागतं, कारण पाणी अजून उडून जातंय. कुठलंही यंत्र नको, गाल पुरतो. पूर्ण वाळलेल्या भांड्यालाही पहिले दोन-तीन तास मंद धगच द्यायची.

आता धंद्याचं बघा. घट आणि पणत्यांना गिऱ्हाईक येतं नवरात्रापासून दिवाळीपर्यंत, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर काही म्हणता काही वाळत नाही. खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. म्हणून दिवाळीच्या पणत्या मी फेब्रुवारी ते मे या महिन्यांत करते आणि मेअखेर भाजून ठेवते. कच्चा माल पावसाळ्यात ठेवला तर तो पुन्हा ओल धरतो. यात पाच महिने पैसा अडकून पडतो. जोडधंद्याचा हा खरा खर्च आहे आणि पगार असलेल्यालाच तो झेपतो.

किमतीचं माझं गणित सांगते. दही लावायची साठ गाडगी. माती ४००, सरपण ९००, टेम्पोचे २००. मळणं, चाकावर काढणं, खरवडणं, घोटणं धरून एका गाडग्याला वीस मिनिटं, म्हणजे वीस तास. तासाला शंभर धरले तर २०००. एकूण ३५००. साठांनी भागलं तर अठ्ठावन्न रुपये येतात, म्हणून मी साठला विकत होते आणि दोन रुपये सुटले म्हणून खूश होते. पण आव्यातून धड निघाली एक्कावन्न. त्यांनी भागा, एकोणसत्तर होतात. दोन वर्षं मी प्रत्येक गाडग्यामागे नऊ रुपये घालवत होते. दुकानदार तीस टक्के घेणार असेल, तर शंभराच्या आत किंमत लावूच नका.

दुकानात माल ठेवताना नग मोजून चिठ्ठीवर सही घ्या. एका दुकानात माझे चाळीस नग गेले, आठ महिन्यांनी बाविसांचे पैसे आले, बाकीचे "फुटले" म्हणे. एक खापरीसुद्धा दाखवली नाही.

किमतीची चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लावते. आपली पणती त्यांची हणते, आपलं मडकं त्यांची मडिके, आणि आपला कुंभार तर त्यांचाही कुंबारच. कन्नड बोलणाऱ्या आजी माझ्याकडून गाडगं घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकतात. खणखणीत वाजलं तर घासाघीस करत नाहीत.

सरकारी मदतीचं थोडक्यात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार धरून अठरा व्यवसाय आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळतं. सरकारी नोकरीत असलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना ती लागू नाही. तुमच्या गावात पिढीजात काम करणारे कुंभार असतील तर त्यांचा अर्ज भरायला बसा. तुमचं शिक्षण तिथे कामाला येऊ द्या. मामांचा अर्ज मीच भरला.

इथे टेबलावर दोन कच्ची गाडगी ठेवली आहेत. एक मार्चमधलं, एक मागच्या रविवारचं. दिसायला सारखीच आहेत. पुढे या, एकेक करून गालाला लावा, आणि कुठलं आव्यात घालायचं ते मला सांगा.