खैऱ्याचा जिवाणू आणि एक वगळलेले जनुक

इंदुरात सकाळच्या पोह्यांवर पिळले जाणारे कागदी लिंबू चोइथराम मंडीत येते, तेव्हा व्यापारी आधी त्याची साल पाहतो. सालीवर खरखरीत, तपकिरी, पिवळ्या कडेचे डाग असले, तर ते खैऱ्या रोगाचे असतात. आतला रस बहुधा चांगला असला तरी असा माल वेगळ्या ढिगात जातो.

हे डाग पाडणारा जिवाणू झँथोमोनास सिट्री. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो पसरतो आणि पर्णरंध्रांतून किंवा अळीने पोखरलेल्या जागेतून पानात शिरतो. शहरातील एका प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्याच्या वसाहती पिवळ्या, बुळबुळीत दिसतात. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली त्याचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध केला, आणि एकेक जनुक काढून त्याचे काम तपासणे सोपे झाले.

या प्रयोगशाळेत जिवाणूचे पीटीएचए-४ हे जनुक काढायचे आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे जोडून, मधले जनुक वगळून, डीएनएचे एक छोटे वर्तुळ तयार करतात. त्यावर प्रतिजैविकापासून वाचवणारे एक आणि साखर मिळताच पेशीला मारणारे दुसरे जनुक बसवलेले असते. विजेच्या क्षणिक झटक्याने हे वर्तुळ जिवाणूत शिरते. ज्यांनी ते आपल्या डीएनएत सामावून घेतले, तेच प्रतिजैविकाच्या बशीत वाढतात. पुढे साखरेच्या बशीत ते बाहेर टाकणारेच जगतात, आणि त्यांतल्या काहींनी सोबत मूळ जनुकही गमावलेले असते. परके जनुक मागे उरत नाही, हे ‘जनुकीय बदल’ म्हणताच दचकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता लिंबाचे एक पान पाहू. सुई न लावलेल्या सिरिंजने मधल्या शिरेच्या डावीकडे मूळ जिवाणू सोडला होता, उजवीकडे बदललेला. डावीकडे फोड उठले आहेत, उजवीकडे नाहीत. या जनुकापासून बनणारे प्रथिन जिवाणू सूक्ष्म नळीतून पानाच्या पेशीत सोडतो, तेथे ते झाडाचेच एलओबी-१ हे जनुक चालू करते, आणि पेशी फुगून बेसुमार विभागू लागतात. म्हणजे फोड झाडाकडूनच घडवून घेतला जातो. २०१७ साली चीन आणि अमेरिकेतील संशोधकांनी झाडाच्या याच एलओबी-१ जनुकात बदल करून खैऱ्याला तोंड देणारी झाडे तयार केली.

लिंबूवर्गीय झाडांच्या ग्रीनिंग या दुसऱ्या रोगाचा जिवाणू बशीत एकटा वाढतच नाही, त्यामुळे तेथे ही रीत चालत नाही. भारतात जनुके बदलण्याचे असे काम पर्यावरण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार, परवानगीनेच होते. बागांमध्ये अजून रोगट फांद्यांची छाटणी आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी चालू आहे.