हरळीवरचं पटिंग ग्रीन

नमस्कार मंडळी. आज घरच्या लॉनमध्ये पटिंग ग्रीन कसं करायचं त्यावर बोलूया. गोल्फमध्ये शेवटी ते एकदम गुळगुळीत गवत असतं ना, जिथे बॉल अलगद ढकलून कपात घालतात, ते. लोकांना वाटतं त्याला एकरभर जागा लागते, तर अजिबात नाही, आमच्या नाशिकच्या घरामागे १५ बाय २० फुटांचा तुकडा आहे, ३०० स्क्वेअर फूट, तेवढ्यात झकास होतं. फक्त ऊन पाहिजे, दिवसाचे सहा-सात तास तरी, आंब्याखाली करायला जाऊ नका.

पहिल्यांदा आमचं साफ फसलं. काळी माती वरवर उकरली, त्यावर रोलवालं कार्पेट लॉन अंथरलं, दोन महिने सगळे खूश. जुलैत पाऊस लागला आणि तीन-तीन दिवस पाणी साचून राहायला लागलं, गवत पिवळं पडलं, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच जागेत बोट जाईल एवढ्या भेगा. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, तुम्ही कितीही लेव्हल करा ती वर्षभरात हलणारच, आणि जमीन हलली की बॉल सरळ जायचा प्रश्नच येत नाही.

मग एक माळीकाका आले, त्यांची सगळी हयात गोल्फ कोर्सवर गेलेली. त्यांनी गवताकडे बघितलंसुद्धा नाही, आधी खड्डा खणायला लावला, १६ इंच. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने १९६० साली ग्रीन बांधायची एक पद्धत छापली, अजूनही जगभर तीच धरून काम चालतं, काका तेच सगळं तोंडपाठ सांगत होते. तळाला उतार देऊन चरात भोकं पाडलेला ४ इंची पाइप, त्यावर ४ इंच बारीक खडी, त्यावर १२ इंच वाळू. आमच्या जागेला खडी १ ब्रास आणि वाळू ३ ब्रास लागली, वाळूत चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत, दहा घमेल्यांना एक. खर्च खरा इथेच होतो, आणि इथे हात आखडता घेऊ नका. धुतलेलीच वाळू घ्या, क्रश सँडमधली भुकटी फटी बुजवते आणि मग पाणी परत अडतं.

यात एक गंमत आहे, मला ती फार आवडते. आपल्याला वाटतं खडीवर वाळू टाकली म्हणजे पाणी सगळं धाडकन निघून जाणार, गवत तहानेलं राहणार. तसं होत नाही. वाळूच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात, ते खडीच्या मोठ्या फटीत उतरायलाच तयार नसतं, वाळूचा तळ पूर्ण भिजून जड झाला की मगच सुटतं. पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन पाइपच्या तोंडाशी उभा होतो, वीस मिनिटं एक थेंब नाही, आणि मग एकदम धार लागली, स्वच्छ पाणी. वर ग्रीनवर डबकं नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणीसुद्धा बेताचं लागतं, रोज शिंपडण्यापेक्षा एकदाच खोल द्यायचं, मुळं खाली जातात.

आता गवत. थंड देशात बेंटग्रास लावतात, आपल्या उन्हात ते टिकवणं महाकठीण. आपल्याकडे लावायचं ते बर्म्युडा, आणि बर्म्युडा म्हणजे कोण, तर आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी जिला आयुष्यभर खुरपतो तिचाच आफ्रिकेतल्या एका बहिणीबरोबर झालेला संकर, टिफड्वार्फ नावाची बुटकी जात अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला १९६५ मध्ये आली. याला बी धरत नाही, कांड्याच लावाव्या लागतात. बोटभर कांड्या वाळूत दाबायच्या, रोलर फिरवायचा, पहिले पंधरा दिवस वरचा थर सुकू द्यायचा नाही. गरम दिवसांत दोन-अडीच महिन्यांत जागा भरते. लव्हाळा दिसला की गाठीसकट काढा, नुसतं ओढलंत तर गाठ खाली राहते आणि आठवड्यात परत हजर.

कापणी हा रोजचा धर्म आहे. रोटरी मशीन गवत झोडतं, ग्रीनला सिलिंडरवालं रील मशीनच पाहिजे, ते कात्रीसारखं कापतं. आधी १२ मिलीमीटर, मग दर आठवड्याला थोडं थोडं खाली, घरी ६ वर आलात तरी छान. एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका, नाहीतर खालचे तपकिरी दांडे उघडे पडतात. आणि दर वेळी दिशा बदला.

सकाळी दव असतं तेव्हा काका लांब लवचिक बांबू घेऊन ग्रीनवरून सपसप फिरवायचे, दव उडतं, पात्याला बुरशी कमी धरते. मी आता तेच करतो, पाच मिनिटांचं काम. महिन्या-दीड महिन्याने वर चाळलेली कोरडी वाळू, जेमतेम २ मिलीमीटर, आमच्याकडे सहा घमेली पुरतात, झाडूने घासून पात्यांच्या आत घालवायची, बारीक खाचखळगे त्यानेच भरतात. आणि वर्षातून एक-दोनदा गवत जोरात वाढत असतं तेव्हा बागकामाच्या दातेरी काट्याने भोकं पाडून त्यातही वाळू भरा.

कपाचं तोंड १०८ मिलीमीटर, म्हणजे सव्वाचार इंच, हे माप जगात सगळीकडे एकच. भोक आठवड्याला नव्या जागी पाडा, काढलेला गवताचा गड्डा जुन्या भोकात बसवून हाताने दाबा, तळहात फिरवून बघा, कड लागता कामा नये. पावसाळ्यात कपाच्या तळाला भोक आहे ना तेवढं तपासा, आणि सकाळी बॉल काढायला हात घालण्याआधी आत बघा, बहुतेक वेळा बेडूक बसलेला असतो.