सहा काठ्या आणि भांगेचं बी

दक्षिण सायबेरिया. अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक खोऱ्यातला हा दगडांचा ढीग म्हणजे एक थडगं आहे. चोरांनी ते प्राचीन काळीच फोडलं. त्यांनी पाडलेल्या भगदाडातून पाणी आत झिरपलं आणि गोठलं. सुमारे 2300 वर्षं आतलं सगळं बर्फातच राहिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को इथे आले. कुदळीचं काम नव्हतं. गरम पाणी ओतून बर्फ वितळवावा लागला. मग दिसला सहा काठ्यांचा जुडगा आणि त्याखाली ब्राँझचं भांडं. भांड्यात भाजलेले दगड, त्यांत करपलेलं भांगेचं बी. कडीला बर्चची साल गुंडाळलेली, हात पोळू नये म्हणून.

हा प्रकार इ.स.पूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवला होता. सिथियन, म्हणजे आपल्या इतिहासातल्या शकांचे भाऊबंद, मयताला मूठमाती दिली की तीन काठ्या एकमेकींना टेकवून वर लोकरीचे नमदे ताणत. आत लालबुंद दगड. त्यांवर भांगेचं बी टाकलं की अशी वाफ उठे, की मंडळी आनंदाने आरोळ्या ठोकत! हिरोडोटसला थापाड्या म्हणणारे जुन्या काळापासून आहेत. इथे तो चुकला असलाच, तर तीन काठ्यांनी.

आता नुसत्या बियांनी काही नशा चढत नाही. सोबत फुलोराही दगडांवर पडत असणार. पामीरच्या पठारावर जिरझांकलला 2500 वर्षांपूर्वीच्या थडग्यांत लाकडी धुपाटणी मिळाली. 2019 मध्ये त्यांच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष आले: धूर नशेचाच होता.

धुराच्या गोष्टी रंगतात, म्हणून लक्षात राहतात. पण माणसाच्या रोजच्या कामाला आला तो या झाडाचा वाख. ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसचे लोक त्याचं कापड विणत. हिरोडोटस म्हणतो, सराईत नजर नसेल तर ते लिननच वाटावं. चीनमधल्या सुरुवातीच्या कागदातही हाच वाख होता.

आणि आपलं वेरूळ. तिथल्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तो किड्यांनी बराच पोखरला. वेरूळचा त्या मानाने बचावला. अभ्यासक त्याचं श्रेय भांगेला देतात.