कोल्हापुरात बायका ‘मी आलो’ म्हणतात, त्याचं काय?

(दृश्य: करवीर नगर वाचन मंदिराची इमारत, मग आतली पुस्तकांची कपाटं)

निवेदन:
करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. तेव्हा दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण छापून चौदा वर्षं झाली होती आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघायला अजून सात वर्षं होती. पुढं १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं आणि १९३२ पासून दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड निघू लागले. मराठी कशी आहे हे सांगणारी ही वजनदार मंडळी. हातात घेतली तरी वजन कळतं.

(दृश्य: महाद्वार रोड, संध्याकाळची गर्दी)

आता जरा बाहेर या.

“काय करालाईस?”
“जेवालोय. तू यालाईस न्हवं?”

करायला लागलायस, जेवायला लागलोय, ही लांबलचक क्रियापदं कोल्हापुरानं दाबून एवढीशी केली. आणि ती वाटेल तशी दाबलेली नाहीत. कुठलंही क्रियापद घ्या, त्याच साच्यातून बाहेर पडतं. बसालोय, बघालोय, निघालोय. (हा शेवटचा फसवा. माणूस निघून गेलाय की अजून चप्पल शोधतोय, हे त्याच्याकडं बघूनच ठरवायचं.)

त्याहून मजेची गोष्ट बायकांच्या बोलण्यात. कोल्हापूरची बाई सरळ म्हणते, “मी आलो.” “मी जातो.” पुण्याची पाहुणी असली की हमखास हसते. शाळेत शिकवलेल्या व्याकरणात बाईनं ‘मी आले’ म्हणायचं असतं. पण आजी, आई, लेक तिघी जर तेच रूप वापरत असतील, तर त्याला चूक म्हणणं आम्हाला पटत नाही. तो या गावचा नियमच झाला.

(दृश्य: राजाराम कॉलेज)

बोलणाऱ्यावर भरवसा ठेवायचा की पुस्तकावर, हा झगडा एकाच माणसात बघायचा असेल, तर कवी माधव जूलियन. खरं नाव माधव त्रिंबक पटवर्धन. याच राजाराम कॉलेजात ते फारसी शिकवायचे. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश केला, मराठीत गझल रुजवली. कवितेत फारसी शब्दांची नुसती लयलूट. आणि हाच माणूस पुढं भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला! १९३८ चं त्यांचं पुस्तक, ‘भाषाशुद्धि-विवेक’. शुद्धीची कल्पना काही नवी नव्हती. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेच होते. पण ज्यानं स्वतः फारसीचा कोश रचला, त्यानंच फारसी शब्दांना दार दाखवावं, याचं नवल वाटतंच. त्यांची ‘छंदोरचना’ मात्र या वादाच्या बाहेर उभी आहे. मराठी छंदांवर बोलायचं तर आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

(दृश्य: सांगलीकडं जाणारा रस्ता, उसाची शेतं)

आमच्या मते या भागातल्या भाषेवरचं सगळ्यात धीट लिखाण कोशात नाही, एका लेखात आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तो १९७१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. गाव कुपवाड, आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलितांच्या घरी मराठी. शिवाय दोर वळणारी थोडी तेलुगू घरं. चावडीवर, बाजारात बोलायला मराठी, कारण गावातल्या वजनदार घरांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती. मराठी बोललं की कुणी कुणापुढं वाकलं असं होत नसे.

शतकानुशतकं असं शेजारी राहून काय झालं? शब्द ज्याचे त्याचे राहिले, वाक्यं मात्र एका ठशाची झाली. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कानडी वाक्यही याच क्रमानं चालतं. एकातला शब्द उचलायचा, दुसऱ्यातला ठेवायचा, की झालं भाषांतर! पुरावरून बोलताना तिथला मराठी माणूस ‘नदी आलं’ म्हणायचा, कारण कानडीत निर्जीव वस्तू नपुंसकच. दामल्यांच्या व्याकरणात नदी काही ‘आलं’ होत नाही.

शब्द का टिकले, त्याचंही उत्तर लेखात आहे. घरात बोलायची भाषा ही जातीची, घराण्याची ओळख. ती सोडली तर आपण कोण, हा प्रश्न.

(दृश्य: कुपवाड एमआयडीसी, पाळी सुटल्यावरची गर्दी)

आज कुपवाड सांगली-मिरजेबरोबर एका महापालिकेत आहे आणि तिथं एमआयडीसी उभी आहे. तो अभ्यास नव्यानं करायचा झाला, तर टेपरेकॉर्डर चावडीवर कमी आणि कारखान्याच्या गेटवरच्या चहाच्या गाड्यापाशी जास्त ठेवावा लागेल. आणि परगावच्या कामगारांची हिंदीही त्यात धरावी लागेल.