गिलावा: एका वाड्याची भिंत

इंदूरच्या सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आहेत आणि वरचे चार लाकडी. आसपासच्या गल्ल्यांतले जुने वाडे मात्र बरेचसे विटांचे आहेत, आणि उघडी वीट दर पावसाळ्यात झिजते, म्हणून तिच्यावर बाहेरून चुन्याचा गिलावा असे. असाच एक वाडा आपण पाहत आहोत.

परांचीवरचे गवंडी छिन्नीने जो कठीण थर काढत आहेत, तो नंतर कोणीतरी लावलेल्या सिमेंटचा आहे. त्यामागची वीट बोटाने चोळली तरी भुकटी होते, कारण सिमेंट ओल भिंतीतच कोंडून ठेवते आणि त्या ओलीतले क्षार विटेच्या अंगात फुलतात. जुन्या विटेवर सिमेंट लावूच नये, असे हे काम पाहताना ठामपणे वाटते.

अंगणातल्या हौदात कळीचा चुना पाण्यात पडताच खदखदू लागतो. विरल्यावरही तो काही आठवडे पाण्याखाली मुरवावा लागतो. घाई केली, तर न विरलेले बारीक खडे पुढे भिंतीवर फुलतात आणि गिलाव्याला फोड येतात. लोण्यासारख्या झालेल्या चुन्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, मिसळतात आणि चुन्याच्या घाण्यात दळतात. बेलफळाचा गर, गुळाचे पाणी आणि कातरलेला ताग त्यात नंतर पडतो.

विटांमधल्या दरजा उकरून भिंत चिंब केली जाते, नाहीतर कोरडी वीट चुन्यातले पाणी शोषून घेते. पहिला हात थापीने सारवला जात नाही. तो मनगटाच्या झटक्याने भिंतीवर मारला जातो, आणि तोच आवाज आपल्या कानी येतो आहे. थर पातळ ठेवून, तो आवळू दिल्यावरच दुसरा हात दिला जातो. छज्ज्याखालची गोलाई पत्र्याच्या फर्म्याने, पुन्हा पुन्हा ओढून, काढली जाते.

हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हा चुना हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, आणि त्यासाठी ओलावा टिकावा लागतो. म्हणून इंदूरच्या उन्हात भिंतीवर ओली गोणपाटे टांगलेली आहेत. कारागीर याला तराई म्हणतात. वेळ आणि खर्च दोन्ही सिमेंटपेक्षा जास्त लागतात. संध्याकाळी गोणपाटांवर आणखी एकदा पाणी मारून ते परांचीवरून उतरतात.